प्लेटांना अंबील

निवृत्त होऊन दोन वर्षं होत आली, तरी भाजीबाजारात कुणीतरी मागून हटकतंच, "म्याडम, लाइट कधी येणार?" पूर्वी मी चिडायचे. आता म्हणते, "तुमची गेली असेल तर माझीही गेलीय. दोघं मिळून वाट बघू." नोकरीत असताना हे उत्तर दिलं असतं तर संध्याकाळपर्यंत कार्यालयावर मोर्चा आला असता.

वीज कंपनीच्या एका शाखा कार्यालयात मी अभियंता होते. शाखा कार्यालय म्हणजे दोन खोल्या, एक कपाट, चार खुर्च्या आणि त्यांतल्या एका खुर्चीवर कायमचा बसलेला तक्रारदार. ढोकी आणि तेर यांच्या मधल्या पट्ट्यातली डझनभर गावं माझ्याकडं होती. सुरुवातीला लोक दारातून डोकावायचे आणि मला विचारायचे, "सायब कुठं गेलेत?" मी म्हणायचे, "सायब इथंच बसलेत, बोला." मग ते आत यायचे, बसायचे आणि तरीही थोडा वेळ दाराकडं बघत राहायचे. बाईला लाइटीतलं कळतं हे पटायला माणसाला एखादा उन्हाळा लागायचा. पटल्यावर मात्र भांडायला ते मलाच शोधायचे, माझ्या वरिष्ठांना कुणी विचारायचं नाही.

आमच्या धंद्यातली एकच गोष्ट बाहेरच्यांना कळली तरी पुरे. लांबून मोठ्या तारांनी आलेली वीज उपकेंद्रात उतरते आणि तिथून तिला वाटा फुटतात. त्या वाटेला आम्ही फीडर म्हणतो. गावातल्या घरांचा फीडर वेगळा, शेतांचा वेगळा. दिवसा शहरांना आणि कारखान्यांना वीज हवी असते, म्हणून शेताच्या वाट्याला बऱ्याचदा रात्र यायची. पुढं सोलर आला. उपकेंद्राला लागून असलेल्या माळावर प्लेटा मांडायच्या, तिथली वीज शेजारच्या उपकेंद्रात आणायची आणि गावच्याच शेतांना दिवसाढवळ्या द्यायची, असं ठरलं. जमीन गावकऱ्यांची, भाड्यानं घेतलेली. प्लेटा मांडायच्या आणि सांभाळायच्या एका खासगी कंपनीनं. ती वीज विकत घेऊन वाटायचं काम आमचं. कागदावर त्यांना पॅनेल म्हणतात, गावात प्लेटा म्हणतात. मी गावाच्या बाजूनं आहे.

गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर सरपंचांचा फोन येईल की फोटो का नाही छापला.

सोलर सुरू झाल्यावर मला जेवढे प्रश्न आले तेवढे आयुष्यात आले नव्हते. एका काकांनी विचारलं, "उन्हाची लाइट हाय, मोटारीतून पाणी गरम येईल का?" दुसऱ्यांना रात्री पाणी देऊन देऊन रात्रीचं जागायची इतकी सवय लागली होती की दिवसा लाइट आल्यावर त्यांना झोपच येईना. ते तक्रार घेऊन आले माझ्याकडं. मी म्हटलं, "याला औषध माझ्याकडं नाही, दवाखान्यात जा." ते रुसले. त्यांच्या मते बिघाड माझ्या खात्यानं केला होता, तेव्हा दुरुस्तीही खात्यानंच करायला हवी होती. आणि ग्रहणाच्या दिवशी तर एकांनी घरचा मेन स्विचच पाडून ठेवला. सून गरोदर, आणि लाइट सूर्याची, म्हणजे तिला वेध लागलेले. मी सांगितलं की तुमच्या घरात येणारी वीज गावाच्या फीडरची, तिचा प्लेटांशी संबंध नाही. त्यावर सासूबाई म्हणाल्या, "उपकेंद्रात दोन्ही एकाच ठिकाणी बसत्यात न्हवं? मग शिवाशिव झालीच की." याचं उत्तर मला डिप्लोमाला कुणी शिकवलं नव्हतं.

हसायला बरं आहे हे सगळं, पण मला सांगायची आहे ती गोष्ट गोदाआक्कांची.

उपकेंद्रामागच्या माळाचे मालक सात-आठ घरांतले. माळ म्हणजे मुरूम, कुसळी गवत आणि मधे मधे बोरी-बाभळी. पिकाचं नाव नाही. मारुतीच्या देवळात बैठक झाली तेव्हा बाकीच्यांनी भराभर होकार दिला. गोदाआक्का मात्र खांबाला टेकून बसल्या होत्या, उठायचं नाव घेईनात. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मोठा मुलगा दिगंबर आणि धाकटा बालाजी, दोघं पुण्याला वेगवेगळ्या कारखान्यांत. त्या एकट्याच घर धरून होत्या. जमीन द्यायला मुलांनी फोनवर होकार कळवला होता. सही आक्कांची हवी होती.

"आक्का, काय अडचण आहे?" मी विचारलं.

"माळात आमचे पांडव हायेत," त्या म्हणाल्या.

जिल्ह्याबाहेरच्या वाचकांना इथं थांबवून थोडं सांगावं लागेल. धाराशिव आणि लातूरकडं येळवस नावाचा सण आहे. कॅलेंडरात त्याला वेळा अमावास्या म्हणतात. हिवाळ्यात, रानात ज्वारी-हरभरा उभा असताना ही अमावास्या येते आणि त्या दिवशी अख्खा जिल्हा शेतात जातो. बाजार ओस, रस्ते ओस, कचेऱ्यांत मांजर फिरतं. शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, घालायची. कोपीत पाच दगड चुन्यानं रंगवून मांडायचे, ते पांडव. त्यांच्यासमोर डाळी-पालेभाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, धपाटे, खीर आणि मडकंभर अंबील. अंबील म्हणजे ज्वारीचं पीठ आणि ताक आंबवून, वर लसूण-जिऱ्याचा झणका दिलेलं पातळ पेय. पूजा झाली की "ओलगे ओलगे, सालम पोलगे" म्हणत ती अंबील उभ्या पिकावर शिंपडत शेताला फेरी मारायची. या शब्दांचा अर्थ मी कितीजणांना विचारला, प्रत्येकानं वेगळा सांगितला. संध्याकाळी चूल मांडून दूध उतू घालायचं आणि गवताचा पेटता हेंडगा घेऊन रानातून धावायचं. ज्याला शेत नाही, त्याला कुणीतरी बोलावतंच. मला मात्र कधी जाता आलं नाही. जिल्हा शेतात, म्हणजे सगळ्या मोटारी, सगळ्या तारा आणि पेटते हेंडगे एकाच दिवशी एका ठिकाणी. खात्यातल्या माणसानं त्या दिवशी खुर्ची सोडायची नसते. माझ्याकडं डबे यायचे. डब्यातली भज्जी टेबलावर खाल्ली की ती नुसती भाजी असते.

आक्कांच्या माळात एका बोरीखाली ते पाच दगड होते. सासूनं बसवलेले. पीक दुसऱ्या रानात असलं तरी येळवस त्याच बोरीखाली व्हायची.

"बारा महिन्यांत माझी दोन्ही लेकरं एकाच दिवशी एका ठिकाणी बसत्यात, ती येळवशीला," आक्का म्हणाल्या. "एकमेकांशी बोलत न्हाईत. का, ते इचारू नका, घराघरात असतंय. दिवाळीला एक आला की दुसरा येत न्हाय. पर येळवशीला कोपीत मांडीला मांडी लावून जेवत्यात. पांडव हलले तर कोप न्हाय, आन कोप न्हाय तर लेकरं न्हाईत. मला येळवशीला आत सोडणार असाल तर सही करते."

"सोडू की," मी म्हणाले. कंपनीची माणसं शेजारीच होती, त्यांनीही मान हलवली. आक्कांनी सही केली.

माळ सपाट करायचं काम सुरू झालं. कंपनीचा साइट इंजिनिअर सुमित नावाचा नागपूरकडचा मुलगा होता. हुशार, कष्टाळू, आणि येळवस हा शब्द त्यानं जन्मात ऐकला नव्हता. जेसीबीवाल्यानं बोर पाडली, कारण तिची सावली प्लेटांवर पडली असती. ते बरोबरच होतं, आराखड्यात तसंच होतं, तरी त्या बोरीचं मला अजून वाईट वाटतं. बोरं लहान होती पण गोड होती. दगडांपाशी मी वेळेत पोचले.

"मॅडम, हे काहून ठेवायचे? पाच तर दगड आहेत," सुमित म्हणाला.

"हे पाच जण आपल्या आधीपासून ड्यूटीवर आहेत," मी सांगितलं. "त्यांना धक्का लावलास तर गाव तुला पाणीसुद्धा देणार नाही."

तो हसला, पण त्यानं एक खांब थोडा सरकवून घेतला. दगड दोन ओळींच्या मधल्या वाटेच्या कडेला, एका प्लेटेच्या सावलीत राहिले. मग कुंपण झालं, फाटक बसलं, फाटकावर गावातलाच केरबा राखणदार म्हणून लागला. धनगराचा केरबा, पूर्वी याच माळावर मेंढरं चारायचा. आता तो माळाला कुलूप लावायचा आणि उघडायचा. सवय होईपर्यंत तो रोज एकदा कुंपणाबाहेरून फेरी मारून बघायचा की गवत किती आलंय.

प्लेटा सुरू झाल्यावरची पहिली येळवस आली. मी सुमितला आधीच सांगून ठेवलं होतं: आक्का येतील, आत सोड. कडबा नाही, विस्तव नाही, या अटी मी आक्कांना घरी जाऊन समजावल्या. विजेच्या तारांशेजारी वाळला कडबा आणि पेटता हेंडगा हे मलाही चालणारं नव्हतं. आक्का म्हणाल्या, "कोप कशाला लागती? वर प्लेट हाय की सावलीला." सुमित एका दिवसाची सुटी घेऊन बाहेरगावी गेला. केरबानं फाटक उघडायचं ठरलं. मी नेहमीप्रमाणं खुर्चीवर.

त्या दिवशी दिगंबर आला नाही, बालाजीही आला नाही. दोघांनीही फोनवर एकच उत्तर दिलं होतं. दिगंबर म्हणाला होता, "माय, आता शेत कुठं राहिलंय? लोखंडाची पूजा कराय पुण्याहून येऊ का?" हे मला नंतर कळलं. आक्का गेल्या, पण एकट्या नाही. माळाच्या बाकीच्या मालकांच्या बायका, सुना, नातवंडं, सगळे त्यांच्यामागं आत शिरले. केरबा कुणाला अडवणार? सगळ्यांचाच माळ होता तो.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुमितचा फोन आला. आवाज उतरलेला होता. "मॅडम, तुम्ही येऊन जा. प्लांटवर कोणीतरी काहीतरी करून टाकलं."

गेले. प्लेटांच्या ओळीच्या ओळी पांढरट डागांनी भरल्या होत्या. वाळून कडक झालेले ओघळ, त्यांवर मुंग्यांच्या रांगा, आणि साळुंक्यांचा थवा डाग टोचून टोचून खात होता. खाऊन झाल्यावर पाखरं जे करतात तेही प्लेटांवरच करत होता. वीज सकाळपासून कमी निघत होती. ती का कमी होते तेही सांगते. एका ओळीतल्या प्लेटा एकमेकींना जोडलेल्या असतात. एकीवर डाग पडला की ती कमी वीज देते आणि बरोबरच्यांनाही मागं ओढते. औताला एक बैल बसला की दुसऱ्याचा काही उपयोग नसतो, तसं. शेतकऱ्यांचं काही अडलं नव्हतं, कारण कमी पडलेली वीज उपकेंद्रातून भरून निघत होती. पण कंपनीच्या शहरातल्या ऑफिसात संगणकावर आकडा घसरलेला दिसला होता. सुमितनं फोटो पाठवले होते, आणि तिथल्या साहेबांनी निदानही करून टाकलं होतं: कुणीतरी ॲसिड किंवा रसायन फेकलं. पोलिसात तक्रार द्या. आत कोण आलं होतं त्यांची नावं द्या. फाटक ज्यानं उघडलं त्याला घरी पाठवा.

केरबा फाटकाशी मान खाली घालून उभा होता. मी त्याला काही विचारायच्या आधी प्लेटेवरचा एक पापुद्रा नखानं काढला, वास घेतला आणि जिभेला लावला.

"मॅडम, केमिकल असलं तर?" सुमित घाबरून म्हणाला.

"असेल तर त्यात लसूण घातलाय," मी म्हणाले.

केरबानं मग तोंड उघडलं. "म्याडम, अंबील हाय ते. आक्कांनी आधी सुरू केलं, मग समद्याच बाया लागल्या. प्रत्येक प्लेटेवर शिंपडलं, एक सुदीक सोडली न्हाय. पोरं ओलगे ओलगे करत पळत हुती. मला वाटलं, पूजाच हाय."

मला आधी हसू आलं आणि लगेच राग. आक्कांवर, केरबावर, आणि सुमितच्या त्या न पाहिलेल्या साहेबांवर. विस्तव नको, कडबा नको, इतकं सगळं सांगितलं. पण अंबील प्लेटांवर टाकू नका असं सांगायचं कुणाच्या डोक्यात येईल? असली चूक दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात होणारच नाही. तिथल्या लोकांकडं अंबीलच नाही.

संध्याकाळपर्यंत गावात पोलिसांचं नाव पोचलं. आक्का चालत माझ्या कार्यालयात आल्या. खुर्चीवर बसल्या नाहीत.

"म्याडम, म्या इख टाकलं म्हणत्यात."

"कुणी म्हणत नाही आक्का. पण तुम्ही प्लेटांवर का टाकलंत?"

"मग कशावर टाकू?" त्या म्हणाल्या. "ह्या रानात आता प्लेटाच येत्यात. जे येतंय त्येच्यावर शिंपडायचं आसतंय. जवारीच्या एका ताटावर शिंपडलं आन दुसरं सोडलं तर ते रुसतंय, म्हणून एकबी सोडली न्हाय. लेकरं म्हणली, शेत ऱ्हायलं न्हाय. म्हणलं, म्या दाखविते ऱ्हायलंय का न्हाय ते. पिकाला अंबील चालती. ह्याला का चालंना?"

माझा राग गेला. मी त्यांना शेजारी बसवलं आणि म्हटलं, "आक्का, पीक मुळानं पितं. ही प्लेट वरून ऊन पिते. तिचं तोंड वर आहे. तोंडावर पीठ बसलं की तिला पिता येत नाही."

"म्हंजी म्या तिचं तोंड लिंपलं."

"तसंच झालं."

"मग धुवाय पाहिजे," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

प्लेटा धुणं हेही एक तंत्र आहे. ते उन्हं वर यायच्या आधी करायचं, कारण तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर काच तडकते. बोअरचं जड पाणी वापरलं तर क्षाराचे डाग राहतात. घासणी चालत नाही, मऊ कापड लागतं. धुणाऱ्यांची कंपनीची गाडी यायला वेळ होता. तोपर्यंत साहेब थांबणार नव्हते. सुमितला मी म्हटलं, "तक्रार उद्या दुपारी दे. सकाळ मला दे." त्यानं ऑफिसला काय सांगितलं ते मी विचारलं नाही. एका बाजूची वीज बंद ठेवून, हात कुठं लावायचा आणि कुठं नाही हे त्यानं स्वतः सगळ्यांना दाखवायचं कबूल केलं.

सकाळी मी पोचले तेव्हा तांबडं फुटायच्या बेतात होतं आणि फाटकाशी बायका जमल्या होत्या. बादल्या, टाकीतलं साठवलेलं पावसाचं पाणी, जुन्या धोतरांची धडुती. सुमित पुढं, त्याच्या मागं सगळ्या. वाळलेली अंबील आधी भिजवून ठेवायची आणि मग पुसायची, हे प्रत्येकीच्या हाताला घरच्या मडक्यांमुळं माहीत होतं. ओळीच्या टोकाला आक्का वाकून पुसत होत्या. प्रत्येक प्लेट पुसून झाली की तिच्यावरून हात फिरवायच्या.

सहाच्या गाडीनं दिगंबर उतरला. केरबानं त्याला फोन केला होता: आईला पोलीस न्यायच्या आधी ये. केरबानं हुशारी अशी केली की बालाजीलाही तेच सांगितलं आणि एकाचं दुसऱ्याला कळू दिलं नाही. दिगंबर तावातावानं फाटकातून आत आला, भांडायच्याच तयारीनं. पहिली माझ्यावर तोफ. "म्याडम, माझी माय चोर हाय का?"

"तुमची माय तिथं आहे," मी बोट दाखवलं. "आधी तिला विचारा, मग माझ्याशी भांडा. मी इथंच आहे."

तो गेला. आईला बघितलं आणि थबकला. आक्कांनी मान वर केली नाही, नुसतं म्हणाल्या, "आलास व्हय. त्या वरच्या कडंला माझा हात पुरंना." त्यानं पायातले बूट काढले. का काढले, त्याला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. धडुतं घेतलं.

थोड्या वेळानं बालाजी आला. त्यानंही आईला बघितलं, मग भावाला. तो दुसऱ्या ओळीकडं निघून जाईल असं मला वाटलं. पण प्लेटांची वरची कड उंच असते, तिथं शिडी लागते, आणि शिडी एकच होती. दिगंबर शिडीवर होता आणि मुरमात शिडीचा पाय सरकत होता.

"शिडी धर," दिगंबर म्हणाला. कुणाकडं न बघता.

बालाजीनं शिडी धरली.

"नीट धर."

"धरलीय की. तू खाली बघू नगं."

एवढंच. यापेक्षा जास्त ते त्या सकाळी बोलले असतील तर मला ऐकू आलं नाही. पण ओळ संपेपर्यंत ती शिडी त्या दोघांनीच सरकवली. आक्का पुसायच्या थांबल्या होत्या. पदर डोळ्याला लावून, त्या पाच दगडांशेजारी बसून त्या नुसत्या बघत होत्या. माझेही डोळे भरून आले, हे इथं लिहून टाकते. तेव्हा मी सुमितला उगाचच काहीतरी तांत्रिक विचारलं होतं.

उन्हं वर आली तेव्हा प्लेटा लख्ख होत्या. वीज आधीपेक्षा थोडी जास्तच निघाली. गावात अजून सांगतात की अंबिलीमुळं सोलरनं बाळसं धरलं. तसं काही नाही. अंबिलीबरोबर महिनाभराची धूळ निघाली, इतकंच. बायकांनी येळवशीचे उरलेले धपाटे आणले होते, सगळे दोन ओळींमधल्या वाटेत जेवायला बसले. आक्कांनी माझ्यासाठी पान मांडलं. तेवढ्यात पलीकडच्या गावात तार तुटल्याचा फोन आला आणि मी उभ्याउभ्या एक धपाटा हातात घेऊन गाडीत बसले. नोकरीतल्या पुष्कळ चुकलेल्या जेवणांपैकी तेवढं एक जेवण मला अजून आठवतं.

दुपारी शहरातल्या साहेबांचा फोन सुमितनं माझ्याकडं दिला. तक्रार द्यायची नाही, हे त्यांना पटलं होतं. केरबाची नोकरीही राहिली. पण पुढं बाहेरच्या माणसांना कायमची बंदी, आणि ते दगड कुंपणाबाहेर काढा, असा त्यांचा हुकूम होता. ते शांतपणे बोलत होते. मी नव्हते.

"साहेब," मी म्हणाले, "जमीन त्या बाईची आहे. तिच्या सहीवर तुमच्या प्लेटा उभ्या आहेत. बाहेरची ती नाही, बाहेरचे तुम्ही आणि मी. मी तिला देवळात बसून शब्द दिलाय आणि तुमची माणसं तिथं मान हलवत होती. दगड काढायचे असतील तर स्वतः या आणि गावासमोर काढा."

ते आले नाहीत. काही महिन्यांनी ऑफिसकडून परवानगी आली, वर्षातून एक दिवस, तीही अटींवर. दूध फाटकाबाहेर उतू घालायचं. हेंडगा नाही. प्लेटांवर काहीही शिंपडायचं नाही. मी ते आक्कांना वाचून दाखवलं.

"आन अंबील?" त्यांनी विचारलं.

"खांबाच्या मुळाशी घाला," मी म्हणाले. "तिथं चालते."

"मग झालं की. आदी तोंड पुसायचं, मग मुळाला घालायचं," आक्का म्हणाल्या. "लेकरावाणीच हाय हे."

त्या साली दोघं भाऊ आले असं मला कळलं. मी अर्थात खुर्चीवर होते. संध्याकाळी केरबा डबा घेऊन आला, त्यात भज्जी होती. "समद्यांनी आदी प्लेटा पुसल्या, मग जेवले," एवढा वृत्तांत देऊन तो गेला. पुढं मी निवृत्त झाले. निरोपाचा हार, नारळ, शाल, आणि भाषणात माझं नाव एकदा चुकलं. दुसऱ्या दिवसापासून तो फीडर, ते फाटक, ते कुलूप, कशावरच माझा काही हक्क राहिला नाही. कुणाला आत सोडा म्हणून सांगायची मला आता सोय नव्हती.

गेल्या येळवशीच्या आदल्या दिवशी फोन वाजला. अनोळखी नंबर होता. लाइट गेल्याचीच तक्रार असणार म्हणून मी तयारीनंच उचलला.

"म्याडम, दिगंबर बोलतोय. गोदाआक्काचा." मागं एसटीचा आवाज येत होता. "उद्या येळवस हाय. माय म्हणती, म्याडमचं पान मागं तसंच ऱ्हायलंय. म्या आन बालाजी घ्याय येतो तुम्हाला, मोटारसायकलीवर बसाल न्हवं?"

"येईन की," मी म्हणाले. "पण कुठं यायचं? घरी का?"

"घरी कशाला?" तो म्हणाला. "आमच्या शेतात."